मोयनाक, बारा वाजून दहा

मी सांगितलं होतं, सहानंतर या.
सहानंतर ऊन माणसांशी नीट वागतं.
पण सहाला नुकूसमध्ये पंगत,
दोनशे पाहुणे, भाड्याच्या चार गाड्या,
आणि बिबीनाझला लग्नाचा फोटो
आजोबांच्या जहाजापाशीच हवा.

म्हणून बारा वाजून दहा.
वर सूर्य, खाली मीठ,
मधे आम्ही, भट्टीतल्या चण्यांसारखे.

या वेळी माणसाची सावली
जमिनीवर पडतच नाही म्हणा ना,
ती वर चढून डोळ्यांच्या खोबणीत बसते.
नवरीच्याही. पंचवीस हजारांचा मेकअप
आणि खोबणीत दोन विहिरी.
झगा सांभाळला तर चेहरा कोळसा,
चेहरा सांभाळला तर झग्याच्या जागी
नुसतं पांढरं भोक.

जोल्दास, माझा धाकटा भाऊ,
डोक्यावर दस्तरखान ताणून उभा.
वारा तो ओढतोय, जोल्दास वाऱ्याला शिव्या देतोय,
आणि कापडावरचा जुना चहाचा डाग
नेमका नवरदेवाच्या नाकावर उतरतोय.
"सलामत, जरा डावीकडे."
सलामत उजवीकडे सरकतो.
गाडीवाले हॉर्न वाजवतात.

मग म्हातारा बोलला. ओतेनियाज आजोबा,
एवढा वेळ नांगराच्या साखळीवर बसलेले,
जी साखळी मी तापली असेल म्हणून शिवलेही नव्हते.
"उत्तरेच्या अंगाला या," म्हणाले,
"दुपारी आम्ही तिथेच जाळी शिवायचो."

उत्तरेच्या अंगाला हातभर सावली.
आणि त्या अंगाला, भंगारवाल्यांनी
पत्रा कापून नेला होता तिथे, एक दार.
आत शिरलो.
आत गंज, शेळ्यांच्या लेंड्या, कुणाकुणाची नावं,
आणि उजेड.
बाहेरच्या मिठावर आपटून आत आलेला,
खालून वर जाणारा, थकलेला, मऊ.
बिबीनाझच्या डोळ्यांतल्या विहिरी भरल्या.
मी श्वास धरून बारा फोटो काढले.
असा उजेड विकत घ्यायला
ताश्कंदमध्ये लोक छत्र्या आणि दिवे मांडतात.

"आजोबा, तुम्हीपण या आत."
"मी आत पुष्कळ होतो," म्हणाले,
आणि बाहेर जाऊन भर उन्हात उभे राहिले,
टोपी काढून, पाठ मोकळ्या बाजूला करून.

"डोळे मिटा. तीन म्हटलं की उघडा."
एक, दोन, तीन.
डोळे मिटलेलेच.
पुन्हा एक, दोन, तीन.
ओठ हलले, डोळे नाही.
तिसऱ्यांदा मी आकडेच म्हटले नाहीत,
तेव्हा उघडले, अर्धे, कुणी हाक मारल्यासारखे.
तेवढ्यात मी बटण दाबलं.

उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसत नाही,
आपलंच तोंड दिसतं.
मी रुमाल डोक्यावर घेतला, त्यांनाही आत घेतलं.
एका रुमालाखाली आम्ही दोघं.
त्यांना नासवायचा वास, मला घामाचा.

फोटो बिघडला होता.
चेहरा आला, सुरकुत्यांसकट, टोपीच्या वळासकट,
पण मागचं सगळं जळून गेलेलं.
ना क्षितिज, ना झुडपं, ना उंटाची वाट.
त्या जागी कॅमेरा काळे पट्टे लुकलुकवत
बजावत होता की इथे काही नोंदलं गेलेलं नाही.

"मागचं बिघडलंय, आजोबा," मी म्हटलं,
"घरी बसून थोडं दुरुस्त करता येईल."

ते बोट पडद्याजवळ नेऊन थांबले.
बोट टेकवलं नाही.
"याच वेळेला," म्हणाले,
"डेकवरून बघितलं तर असंच दिसायचं.
पाणी दिसायचंच नाही. नुसतं पांढरं.
डोळ्याला पाणी यायचं, तेवढंच पाणी."

बाहेरून सलामतने हाक मारली, बर्फ वितळतोय,
खोक्यातले कलिंगड गरम होतायत.

रुमालातून निघताना म्हातारा म्हणाला,
"काही भरू नकोस तिथे.
आणि मोठा काढ. केवढ्याला पडेल?"

मी किंमत सांगितली.
त्यांनी घासाघीस केली.